पावतीवर खच्ची, पोटात वृषण: चिकोडी तालुक्यातल्या एका घोड्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया

घोडा मारवाडी, अबलख, दातांवरून सहा वर्षांचा. मालक चिकोडी तालुक्यात दूधगंगेकाठचे, ऊस आणि थोडा तंबाखू करणारे. घोडा सारंगखेड्याच्या बाजारातला, गाड्याच्या शर्यतीसाठी घेतलेला. खरेदीच्या पावतीवर 'खच्ची' असं स्पष्ट लिहिलेलं. तक्रार अशी की घरी आल्यापासून तो वळूसारखा, म्हणजे खच्ची न केलेल्या घोड्यासारखा, वागतो. घोडी दिसली की खिंकाळून तबेला डोक्यावर घेतो, मोतद्दाराला चावतो, सरावाच्या पट्टीवर शेजारच्या गाड्याला घोडी जुंपलेली असली की आपला गाडा सोडून तिकडे ओढ घेतो. शेवटी त्याने दावं तोडलं आणि शेजाऱ्याच्या घोडीवर चढला. मग प्रकरण माझ्याकडे आलं.

"डॉक्टर, पावतीवर खच्ची लिवलंय की ओ. मग ह्यो असा का करायला लागलाय?" हा मालकांचा प्रश्न. शेजाऱ्यांचा प्रश्न त्याहून तिखट होता: "घोडी गाभण राहिली तर त्या शिंगराचं काय करायचं?"

आमच्या भागात घोड्याला नुसतं जनावर समजत नाहीत. आळंदीहून निघणाऱ्या माऊलींच्या पालखीसोबत चालणारे अश्व इथल्याच अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून जातात. त्यामुळे घोड्याबद्दल प्रत्येकाला मत असतं आणि ते तो मोकळेपणाने देतो. या घोड्याबद्दलचं गावमत एकच होतं: 'खच्ची करताना शीर राहिली.' ही समजूत खूप ठिकाणी ऐकू येते आणि ती चुकीची आहे. वृषण निघालं पण वरची शुक्रनलिका किंवा अधिवृषणाचा तुकडा राहिला, तर त्यातून टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक तयार होत नाही. ते तयार होतं वृषणाच्या आतल्या विशिष्ट पेशींत. वृषण पूर्ण गेलं असेल तर शीर राहो वा न राहो, संप्रेरक येणार नाही.

पण म्हणून 'वळूसारखा वागतो म्हणजे आत वृषण आहेच' असंही म्हणता येत नाही. नीट खच्ची केलेल्या घोड्यांतही पाचातला एखादा घोडीकडे ओढ दाखवतो, काही चढतातसुद्धा. वागणं ही सवयही असते. त्यामुळे सुरी हातात घेण्याआधी पुरावा हवा.

झायलाझीन देऊन घोडा शांत केला आणि मागच्या पायांमध्ये हात घालून तपासला. पिशवी रिकामी. दोन्ही बाजूंना कातडीवर व्रण. इथेच गोम होती. एखाद्या शिंगराचं एकच वृषण खाली उतरलेलं असतं. खच्ची करणारा गडी तेवढं काढतो, दुसरं सापडत नाही. मग दुसऱ्या बाजूलाही कातडीला चीर देऊन ठेवतो, म्हणजे गिऱ्हाइकाला दोन व्रण दिसावेत. या घोड्याच्या बाबतीत तसंच झालं की कुणी प्रामाणिकपणे शोधून थकलं, हे सांगता येणार नाही. परिणाम मात्र तोच: कोणत्या बाजूचं काढलंय हे बाहेरून कळायला मार्ग नाही. खाली उतरलेलं वृषण आधी काढून टाकणं आणि अडकलेलं तसंच सोडणं याइतकं वाईट काम या धंद्यात दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे. नियम साधा आहे: अडकलेलं आधी शोधा, मिळालं तरच दुसऱ्याला हात लावा. नाही मिळालं तर दोन्ही राहू द्या आणि मालकाला तसं लिहून द्या.

गुदमार्गातून हाताने आणि अल्ट्रासाऊंडच्या प्रोबने पाहिलं. डाव्या बाजूला काही दिसलं नाही, उजवीकडे आतड्यातल्या वायूने पडदा पांढरा झाला. घोड्याची गुदतपासणी हे बेतानेच करायचं काम आहे. आतडं फाटलं तर घोडा जातो, म्हणून आतडं सैल करणारं हायोसिन दिलं होतं तरी मी फार वेळ लावला नाही. पोटातलं वृषण लहान आणि मऊ असतं. ते न सापडणं म्हणजे ते नसणं नव्हे.

निर्णायक ठरली रक्ताची तपासणी. आधी एक नमुना घेतला, मग वृषणाला टेस्टोस्टेरॉन तयार करायला लावणाऱ्या ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिनची दहा हजार युनिट शिरेतून दिली. माणसांच्या औषधदुकानात मिळतं तेच इंजेक्शन. दोन तासांच्या आत दुसरा नमुना घेतला. टेस्टोस्टेरॉनचा रेणू घोड्यात आणि माणसात एकच, त्यामुळे माणसांच्या प्रयोगशाळेतही ही तपासणी होते. फार खालच्या आकड्यांवर तिथे पूर्ण भरवसा ठेवू नये, एवढं ध्यानात ठेवायचं. खच्ची घोड्यात हे प्रमाण मिलिलिटरला ०.०५ नॅनोग्रॅमच्या खाली असतं, ०.१ च्या वर गेलं तर वृषणाचा अंश आत आहे असं धरतात. आमच्या घोड्याचा पहिलाच आकडा या रेषेच्या बराच वर होता आणि इंजेक्शननंतर तो तिपटीजवळ गेला. इंजेक्शनला उत्तर द्यायला आत कुणीतरी होतं.

वृषण पोटात कसं राहतं हे मालकांना कागदावर काढून दाखवलं. गर्भात ते मूत्रपिंडाजवळ तयार होतं. पुढे एका दोरीसारख्या ऊतीच्या आधाराने जांघेतल्या कड्यातून ते खाली पिशवीत येतं. घोड्यात हा प्रवास गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात आणि जन्मानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात होतो. मग कडं आवळतं. त्या वेळेपर्यंत पोटात राहिलेलं वृषण पुढे आपोआप उतरत नाही, कितीही वाट पाहिली तरी. पोटातल्या उष्णतेत त्यात शुक्रजंतू होत नाहीत, टेस्टोस्टेरॉन मात्र व्यवस्थित तयार होतं. म्हणजे वागणं वळूचं आणि बीज नाही. शेजाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही.

आता मार्ग तीन होते. घोडा तसाच ठेवायचा, म्हणजे शर्यत विसरायची आणि मोतद्दाराची बोटं रोज धोक्यात. दुसरा, जुना आणि चांगला रुळलेला मार्ग: पूर्ण भूल देऊन घोडा उताणा झोपवायचा आणि जांघेतून शोधायचं. बाजू माहीत असती तर मी कदाचित याच मार्गाला कौल दिला असता, कारण वृषण जांघेतल्या नळीतच असेल तर ते काम झटपट होतं. पण बाजू माहीत नव्हती. एका बाजूला शोधून हाती काही लागलं नाही तर दुसरी बाजू उघडायची, आणि तोवर भुलेचा वेळ वाढत जाणार. घोड्याला भूल देणं म्हणजे कुत्र्याला भूल देणं नव्हे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत चाळीस हजारांहून अधिक घोड्यांची नोंद होती. पोटशूळाच्या शस्त्रक्रिया वगळल्या तरी भुलेभोवतीच्या दिवसांत दगावण्याचं प्रमाण ०.९ टक्के निघालं. हृदय बंद पडणं आणि शुद्धीवर येऊन उठताना पाय मोडणं, ही त्यातली दोन मोठी कारणं. साडेतीनशे किलोचं जनावर गुंगीत उठायची धडपड करतं, तेव्हा हातात कासरा धरणाऱ्याचं फारसं चालत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे घोडा उभाच ठेवून कुशीतून दुर्बीण घालायची. घोडीचा बीजांडकोष पाहण्यासाठी दुर्बीण पोटात घालायला १९७० च्या दशकात सुरुवात झाली, आणि पोटातलं वृषण उभ्या घोड्यात काढण्याची पद्धत १९९० च्या दशकात बसली. म्हणजे जगात ती नवी नाही, आपल्याकडे सोय मोजकी आहे. लहान छेद हा तिचा फायदा सगळेच सांगतात. या घोड्यापुरता माझ्या दृष्टीने तो दुय्यम होता. मला हवी होती ती नजर: जांघेची कडी आतून पाहिली की कोणत्या बाजूचं वृषण कधी खाली उतरलं होतं हे एका दृष्टीत कळतं. व्रणांवर विसंबायचं कारण उरत नाही.

शल्यचिकित्सक पुण्याकडचे. घोडा तिकडे नेणं सोयीचं झालं असतं, पण कोगनोळीचा सीमानाका ओलांडून घोडा महाराष्ट्रात न्यायचा तर आरोग्याचा दाखला आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा निगेटिव्ह अहवाल सोबत हवा. परत आणताना पुन्हा तेच. वरून एवढा बिथरलेला घोडा टेंपोत घालून घाट उतरायचा. त्यापेक्षा डॉक्टर आणि त्यांची पेटी इकडे आणणं सोपं. निपाणीजवळ एका ओळखीच्या गोठ्यात सिमेंटची फरशी आणि घोड्याच्या मापाचा मजबूत खोडा होता. भिंती धुऊन, वर-खाली ताडपत्री बांधून, फरशी ओली ठेवून धूळ बसवली. जनरेटर मागवला, कारण पडदा काळा झाला तर आतलं काहीच दिसणार नाही.

तयारीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मालकांना सगळ्यात क्रूर वाटली: दीड दिवस वैरण बंद. पाणी चालू. घोड्याचं मोठं आतडं आणि आंधळं आतडं मिळून पोटाची बहुतेक जागा खातात. ते भरलेलं असेल तर दुर्बीण आत जाऊन वैरणीने ताणलेल्या भिंतीपलीकडे काही पाहू शकत नाही, उलट सुई घालताना आतडं टोचायची भीती. घरातल्या वहिनींनी रात्री चोरून कडबा टाकू नये म्हणून घोड्याला जाळीचं मुसकं घातलं होतं. छातीचा घेर आणि लांबी मोजून वजन काढलं, ३५६ किलो आलं. धनुर्वाताची लस, पेनिसिलीन, जेंटामायसिन आणि फ्लुनिक्सिन आधीच दिलं. धनुर्वाताबाबत घोड्याइतकं नाजूक पाळीव जनावर नाही, ही लस कधीच विसरू नये.

खोड्यात उभा करून डेटोमिडीन आणि ब्युटोर्फॅनॉल दिलं, पुढे डेटोमिडीनचा ठिबक चालू ठेवला. मान खाली गेली, खालचा ओठ लोंबायला लागला. या औषधांनी लघवी वाढते हे आम्हाला ठाऊक होतं, ताडपत्री धरून बसलेल्या पोराला नव्हतं. शेवटच्या बरगडीपासून कमरेच्या हाडापर्यंत केस काढले, तीनदा धुतलं, लिग्नोकेनने कुशीचा भाग बधिर केला.

सुरुवात डाव्या कुशीतून. उजवीकडे आंधळ्या आतड्याचं बूड कुशीला चिकटून असतं, म्हणून आधी डावीकडून जाणं जास्त सुरक्षित. डावीकडे पुढच्या अंगाला प्लीहा असते, तिला सुई लागली तर रक्ताने सगळं झाकोळतं. डॉक्टरांनी लहान छेद घेतला, नळी आत सरकवली आणि आधी दुर्बिणीने खात्री केली की आपण खरंच पोटाच्या पोकळीत आहोत. आतलं अस्तर सैल असतं, ते नळीपुढे सरकत जातं. अस्तराबाहेरच वायू भरला गेला तर सगळं काम तिथेच अडतं. मग कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडला.

पडद्यावर पहिल्यांदा प्लीहेची निळसर कड आली, तिच्यामागे मूत्रपिंड, खाली लेंड्यांच्या गोळ्यांनी भरलेलं लहान कोलन, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग. दुर्बीण मागे वळवली तसं मूत्राशय आणि त्याच्या बाजूला जांघेचं कडं दिसलं. पांढऱ्या अस्तरातली एक छोटी फट. त्या फटीत वरून येणारी रक्तवाहिन्यांची दोरी आणि मागून येणारी शुक्रनलिका, दोन्ही सरळ आत शिरत होत्या. म्हणजे डावं वृषण एकेकाळी खाली उतरलं होतं आणि तेच काढलं गेलं होतं. डावीकडचा व्रण खरा, उजवीकडचा दिखाऊ. मी मनात डावी बाजू धरली होती, कारण डावं अडकलं तर बहुधा पोटात असतं, उजवं पोटात किंवा जांघेत कुठेही. आकड्यांवर पैज लावली असती तर हरलो असतो.

कोलनखालून दुर्बीण पलीकडे सरकवून उजवं कडं बघायचा प्रयत्न झाला. कोलन मध्ये आडवं येत राहिलं. मग डॉक्टरांनी डावीकडची नळी आत ठेवून, आतून बघत बघत उजव्या कुशीत दुसरी नळी घातली. हा भाग मला फार आवडला. आंधळ्या आतड्याच्या शेजारी शिरायचं तर न पाहता का शिरायचं? उजव्या कड्याच्या वर, मूत्राशयाच्या कडेला, पातळ पडद्याला लोंबकळत ते होतं. लिंबाएवढं, मऊ, फिकट. वळूचं नीट वाढलेलं वृषण याच्या कितीतरी पट भरतं.

चिमट्याने ते धरून वर उचललं आणि घोड्याने उजवा मागचा पाय उचलला, कंबर खाली सोडली. गुंगीतला घोडा खोड्यात बसला तर नळ्या आत, घोडा खाली, आणि मग काय होईल ते सांगायला नको. डॉक्टरांनी त्याच क्षणी पकड सोडली. पडद्याला ओढ बसली की ती वेदना कातडीच्या भुलीने झाकली जात नाही, ती खोलची असते. लांब सुईने पडद्यात आणि वृषणात लिग्नोकेन सोडलं, ठिबक थोडा वाढवला, आणि सगळे नुसते उभे राहिले. कुणीतरी चहा आणला, कुणी घेतला नाही. पुन्हा धरलं तेव्हा घोडा हलला नाही.

रक्तवाहिन्या उष्णतेने सील करणाऱ्या चिमटीने बंद करून कापल्या, नलिकाही. मग वायूचा दाब मुद्दाम उतरवून कापलेली जागा पुन्हा पाहिली. दाबाखाली लहान शिरा दबून राहतात आणि दाब गेला की वाहू लागतात, म्हणून हे तपासल्याशिवाय बाहेर यायचं नाही. कोरडी होती. एक छेद चार बोटं मोठा करून वृषण बाहेर काढलं. ते सगळ्यांसमोर उभं चिरून आत वृषणाचीच ऊती असल्याचं दाखवलं, फोटो घेतले. स्नायूंचं आवरण आणि कातडी शिवली.

पहिले काही दिवस कुशीवर हात फिरवला की कातडीखाली कुरकुर लागायची. राहिलेला वायू तो, आपोआप जिरतो. हे आधी सांगून ठेवलं नाही तर मालक रात्री फोन करतात. वैरण थोडी थोडी वाढवली, दुसऱ्या दिवसापासून दावं धरून चालवणं, दोन आठवड्यांनी टाके काढले, गाडा त्यानंतरच. ताप आला नाही. डाव्या बाजूच्या एका छेदाला सूज आली होती, ती शेकून उतरली.

टाके काढायच्या दिवशी गोठ्यात बरीच मंडळी जमली होती आणि सगळ्यांना एकच विचारायचं होतं: मग पोटशूळाला पण हीच दुर्बीण का नाही लावत? आमच्याकडे उसाचं वाडं (शेंड्यांचा चारा) खाऊन आतडं तुंबलेले घोडे दर हंगामात येतात, त्यामुळे प्रश्न रास्त होता. उत्तर नाही असं आहे. घोड्याचं लहान आतडं वीस मीटरहून लांब, मोठं कोलन अनेक बादल्या मावतील एवढं. पोटशूळात तेच वायूने फुगतं. दुर्बिणीला पुढे काही दिसत नाही आणि फुगलेलं, नाजूक झालेलं आतडं चिमट्यांनी तपासत पुढे नेणं धोक्याचं. पीळ पडला असेल तर भूल देऊन, पोटाच्या मध्यरेषेवर उघडूनच जावं लागतं, तेही वेळेत. दुर्बीण कामाला येते ती आधी किंवा नंतर. ज्या घोड्याचं कोलन वारंवार प्लीहा आणि मूत्रपिंड यांच्यामधल्या खाचेत अडकतं, त्याची ती खाच उभ्या घोड्यात दुर्बिणीने शिवून बंद करता येते. घोडीच्या बीजांडकोषाची गाठ काढता येते. जांघेतून आतडं उतरण्याचा धोका असलेल्या वळूचं कडं लहान करता येतं. पण रात्री दोनला पाय आपटत लोळणाऱ्या घोड्यासाठी ती नाही, आणि तशी आशा दाखवून कुणाचा वेळ घालवू नये.

शेजाऱ्यांच्या घोडीचं नंतर अल्ट्रासाऊंड केलं. ती रिकामी होती. पडद्याकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "मग दोन महिने भांडलो कशाला आम्ही?"

रक्त पुन्हा तपासलं तेव्हा टेस्टोस्टेरॉन खच्ची घोड्याच्या पातळीवर आलं होतं. संप्रेरक पहिल्या दिवस-दोन दिवसांतच उतरतं, वागणं मात्र त्याच्या मागून रेंगाळत येतं. चावणं सगळ्यात आधी थांबलं. खिंकाळणं कमी झालं. घोडीची लघवी हुंगून वरचा ओठ उलटा करायची खोड अजून आहे आणि ती राहील असं मला वाटतं, कारण सहा वर्षांचा घोडा शिकलेलं विसरत नाही. मालकांना मी एक कागद लिहून दिलाय, मराठीत आणि कानडीत: डावं वृषण आधी काढलेलं, उजवं पोटातून काढलं, तारीख, दोन्ही कड्यांचे फोटो. हा घोडा पुढे विकला गेलाच तर पावतीला तो जोडायचा. सध्या तरी विकायचा विचार नाही. चिंचलीच्या यात्रेला तो गाड्याला जुंपायचाय, आणि शेजारच्या पट्टीत घोडी नको एवढंच त्यांनी आयोजकांना आधी सांगून ठेवलंय.